मीठ आवश्यकतेनुसार

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला कारकून नसतो. शिपाईही नसतो. पट दीडशेच्या पुढे गेल्याशिवाय मुख्याध्यापकाचं पदही मिळत नाही. तोवर असलेल्या शिक्षकांतल्याच एकाच्या नावापुढे 'प्रभारी' लावून भागवतात, आणि तो बिचारा शिकवता शिकवता मुख्याध्यापकी करतो की मुख्याध्यापकी करता करता शिकवतो, हे त्यालाही सांगता येत नाही. तरीसुद्धा कानाकोपऱ्यातल्या शाळांची माहिती रोज बिनबोभाट वर जाते. ती भरतं कोण, हा प्रश्न अजून कुणा अभ्यासकाला पडलेला दिसत नाही. उत्तर सोपं आहे. शिक्षिकांचे नवरे भरतात. शिक्षकांच्या बायकाही भरतात, पण त्या त्याबद्दल लेख लिहीत बसत नाहीत.

मी अशा नवऱ्यांपैकी एक. त्यात पंचायत समितीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग, रबरी शिक्के, ऑनलाइन फॉर्म आणि शाळांना लागणारी छापील रजिस्टरं. म्हणजे रात्री नवरा म्हणून जे रजिस्टर फुकट भरायचं, तेच दिवसा दुकानदार म्हणून रोखीनं विकायचं. नवा शासन निर्णय निघाला की आमच्या बाई कपाळाला हात लावतात आणि मी टोनरची ऑर्डर देतो. इतके परस्परविरोधी हितसंबंध एका छताखाली सुखानं नांदल्याचं उदाहरण युतीच्या राजकारणातही सापडायचं नाही.

बाई म्हणजे आमची बायको. शाळेत मुलं बाई म्हणतात, गावात सगळे बाई म्हणतात. हळूहळू तेच नाव घरात शिरलं आणि आता माझी आईसुद्धा संध्याकाळी "बाई आल्या का रे?" असं विचारते. त्यांची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी असे चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि छत्तीस मुलं. कायद्यानं हे अगदी चोख आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. मुलं चार इयत्तांत वाटलेली असतात याचा कायद्याला विसर पडलेला नाही. त्यासाठी 'बहुवर्ग अध्यापन' नावाचं प्रशिक्षण आहे.

बहुवर्ग अध्यापन प्रत्यक्षात कसं चालतं ते मी पाहिलं आहे. खोलीच्या एका भिंतीकडे तोंड करून पहिलीची मुलं बाराखडी गिरवतात आणि पाठमोऱ्या भिंतीला चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास चालू असतो. पहिलीतल्या पोराचे डोळे 'क'वर आणि कान प्रतापगडावर. त्यामुळे त्याला वर्षाअखेरीस 'का'चा काना कुठे द्यायचा ते नक्की सांगता येत नाही, पण अफझलखान शामियान्यात कोणत्या बाजूनं आला ते विचारा. चौथीत जाईपर्यंत त्याचा तो इतिहास तीन वेळा ऐकून झालेला असतो. मुलांना इतिहास कळत नाही अशी ओरड शहरात असेल.

ही व्यवस्था दोन्ही शिक्षक हजर असतानाची. दोन्ही शिक्षक हजर असणं हा मात्र योग आहे. एक जण केंद्राच्या बैठकीला, प्रशिक्षणाला, तालुक्याला माहिती द्यायला किंवा दिलेली माहिती चुकली म्हणून पुन्हा द्यायला गेलेला असतो. जाताना हालचाल रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. कुठे, कशासाठी, किती वाजता. माझ्या दुकानात सगळ्यात लवकर भरणारं आणि म्हणून सगळ्यात जास्त खपणारं रजिस्टर हेच. एकदा एक गुरुजी नवं हालचाल रजिस्टर घ्यायला आले आणि परत जाताना म्हणाले, "शेठ, हे घ्यायला आलोय याची नोंद जुन्यात करू की यात?"

मोबाईल आल्यापासून हालचाल कमी होईल असं वाटलं होतं. झालं असं, की पूर्वी साहेब शाळेत महिन्यातून एकदा यायचे, आता खिशात बसलेले असतात. प्रार्थना संपायच्या आत केंद्राच्या ग्रुपवर पहिला संदेश पडतो. 'अतितात्काळ. सोबतच्या विहित नमुन्यात माहिती आज दुपारी २ वाजेपर्यंत सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' शाळेत संगणक किती? निरंक. पैकी चालू किती? निरंक. बंद किती? निरंक. नसलेले संगणक बंदही पडत नाहीत, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण तिन्ही रकाने भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नाही. केंद्रप्रमुखांचा यात काही दोष नाही. त्यांच्या खिशात गटशिक्षणाधिकारी बसलेले असतात, त्यांच्या खिशात शिक्षणाधिकारी, आणि त्यांच्या खिशात मंत्रालय. दुपारी दोनची वेळ वरून निघते तेव्हा संध्याकाळी पाचची असते. प्रत्येक जण खाली पाठवताना आपल्या सोयीसाठी तासभर कापून घेतो. हे अंतर अजून एखाद्या पायरीनं वाढलं तर माहिती मागवायच्या आधीच द्यावी लागेल.

आधारचं प्रकरण तर मी स्वतः रात्री जागून निस्तरलेलं आहे. पूर्वी पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं. आता पट म्हणजे पोर्टलवर आधार जुळलेली मुलं, आणि शिक्षकांची पदं ज्या संचमान्यतेवर ठरतात ती या जुळण्यावर बेतलेली. आमच्या बाईंच्या शाळेत एक मुलगी होती. प्रवेशाच्या दिवशी आईनं मोठ्या हौसेनं नाव सांगितलं राजनंदिनी. आधारच्या शिबिरात मात्र सोबत आजी होती, तिनं सांगितलं राणी. झालं. ही पोर रोज पहिल्या रांगेत बसायची, खिचडी दोनदा मागून घ्यायची, शेजारणीची वेणी ओढायची, पाढे घडाघडा म्हणायची. पण पोर्टलच्या मते तिचा अजून पत्ता लागत नव्हता. दुरुस्तीला तालुक्याला चला म्हटलं तर आई म्हणाली, "बाई, एक दिवसाची मजुरी कोण देईल?" शेवटी माझ्या गाडीवर मागे आजी, मध्ये राजनंदिनी असे आम्ही आधार केंद्रावर गेलो. तिथं आजीला तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं ते आणि तिच्या आधारावर छापलेलं, त्यातही फरक होता. मग दोघींचंही करून आणलं.

आणि खिचडी. ग्रामीण शाळेतला सर्वांत सूक्ष्म गणिताचा विषय गणित नसून खिचडी आहे. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २०२१ पासून तिला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असं भारदस्त नाव मिळालं, पण गावात तिला खिचडीच म्हणतात. योजना फार चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. सकाळी नुसता चहा पिऊन येणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि साडेबाराच्या सुमारास त्यांचे डोळे फळ्यावरून चुलीकडे कसे वळतात तेही. पण हिशेब! पहिली ते पाचवीच्या मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम आणि बाकीचं त्या मानानं. आज छत्तीसपैकी एकतीस आले. मग तांदूळ तीन किलो शंभर ग्रॅम, डाळ सहाशे वीस, तेल एकशे पंचावन्न. हे मोजून काढायचं, साठा रजिस्टरला लिहायचं, पोर्टलवर चढवायचं, आणि महिनाअखेरीस पोत्यातला तांदूळ आणि वहीतला तांदूळ एकमेकांना ओळखले पाहिजेत. पोत्याला उंदीर लागतो. वहीला लागत नाही. उंदराला किती ग्रॅम धरायचे ते मापदंडात दिलेलं नाही. रिकाम्या पोत्याचाही हिशेब असतो, कारण तेही सरकारी.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखून चव रजिस्टरमध्ये अभिप्राय लिहायचा असतो. हे रजिस्टर मी विकतो आणि वाचतोही. कुठल्याही शाळेचं उघडा, पानोपानी 'चव उत्तम', 'चव चांगली', 'चव उत्तम'. एका शाळेच्या रजिस्टरात मात्र एका दिवशी 'चव आहे' एवढंच लिहिलेलं सापडलं. त्या गुरुजींबद्दल मला तेव्हापासून आदर वाटतो.

या सगळ्या मापदंडात एकच ओळ अशी आहे की जी वाचून मन भरून येतं. मीठ आणि मसाला: आवश्यकतेनुसार. ग्रामीण शिक्षकाच्या तारतम्यावर शासनानं विश्वासानं सोडलेली एवढीच एक गोष्ट मला अख्ख्या शिक्षण खात्यात आढळली. ती तरी त्यांच्याकडे राहते कुठे? मीठ किती टाकायचं ते महिना २,५०० रुपये मानधनावर खिचडी शिजवणाऱ्या मावशी ठरवतात, आणि त्या कुणाचं ऐकत नाहीत.

माझ्या दुकानाच्या काउंटरवरून इतकी वर्षं बघून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. शाळेला मदत मिळत नाही, असं मुळीच नाही. मदत येतच असते. फक्त प्रत्येक मदत येताना स्वतःचं रजिस्टर घेऊन येते, आणि मदत संपली तरी रजिस्टर राहतं. परसबागेसाठी बिया आल्या, परसबाग रजिस्टर आलं. बिया शेळ्यांनी खाल्ल्या. रजिस्टर चालू आहे. तक्रारपेटी आली, तिचं उघडल्याचं रजिस्टर आलं. आमच्या बाईंच्या पेटीत वर्षभरात एकच तक्रार निघाली, 'सर आमाला खेळू देत नाहीत', आणि तिच्यावर काय कार्यवाही केली ते लिहायचं होतं. सरांनी त्या दिवशी तास बंद ठेवून पोरांबरोबर लगोरी खेळली आणि 'तक्रारीचे निराकरण केले' असं लिहून सही ठोकली. माझ्या माहितीत दाखल तारखेलाच निकाल लागलेलं हे एकमेव सरकारी प्रकरण.

तंबाखूमुक्त शाळेचंही तसंच. फाटकावर फलक, त्याचा फोटो, समितीसह फोटो. फोटो काढायची वेळ आली तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणाले, "थांबा बाई, एवढी मळून होऊ द्या."

डिजिटल शाळेची लाट आली होती तेव्हाचे दिवस तर सोन्याचे. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निघालं आणि गुरुजींनी अक्षरशः झोळी फिरवली. गावोगाव लोकवर्गणी गोळा झाली, भिंती बोलू लागल्या, फरशीवर अंकांच्या उड्या रंगल्या. कित्येक शिक्षकांनी स्वतःचा पगार घातला. हे खरं आहे, आणि त्यातून खरोखर चांगल्या झालेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. आमच्या बाईंच्या गावानंही यात्रेची वर्गणी वळवून मोठा टीव्ही आणला. त्यावर पोरांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. मग वीजबिल आलं. बिल कोणी भरायचं यावर ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला त्याच्या झेरॉक्स माझ्याकडेच निघाल्या, म्हणून मला तपशील माहीत आहे. तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं २५,००० रुपये. त्यात खडू, झाडू, रंग, दुरुस्ती, फिनेल आणि बिल, आणि त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च झालाच पाहिजे. तेही पैसे साल अर्धंअधिक सरल्यावर उगवतात. शेवटी वायरमन आला, मुलांसमोर वायर कापताना त्याला अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्यानं जायच्या आधी पोरांना फ्यूज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. प्रयोगातून विज्ञान म्हणतात ते हेच. टीव्ही सुरक्षित आहे. त्याला अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी विणलेलं कव्हर आहे आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे.

शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २७ गुरुजी लोक दुकानात येऊन अधूनमधून मोठ्यानं वाचतात. शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. अपवाद फक्त तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. वाचून बरं वाटतं. मग लक्षात येतं की आपल्या राज्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा एवढ्या निवडणुका आहेत, मतदार यादी बाराही महिने दुरुस्त होत असते, आणि ज्या वर्षी यातलं काही नसतं त्या वर्षी अतिवृष्टी होते. त्यात २०२७ ची जनगणना आलीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनानं शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारीही करून दिली. आता कोणत्या शाळेनं अशैक्षणिक कामाला किती तास दिले, याची माहिती विहित नमुन्यात मागवायची तेवढी राहिली आहे. नमुना छापायला मी तयार आहे.

मतदार यादी सांभाळणारे बीएलओ म्हणून गुरुजी मतदारांच्या दारोदार फिरतात तेव्हा गावाला त्यांचा खरा उपयोग कळतो. मयत मतदारांची नावं कमी करायला आमच्या बाईंचे सहकारी सर एका घरी गेले. म्हातारबा ओट्यावर बसलेले. सरांनी यादी काढली, नाव वाचलं आणि थबकले. म्हातारबा म्हणाले, "गुरुजी, कापू नका. मागच्या खेपेला जिवंत असून कापलं व्हतं. आता मेल्यावर बी थोडे दिवस राहू द्या, हिशेब बरोबर व्हईल."

दिवाळी झाली की आमच्याकडे शाळेचा रंग बदलतो. ट्रक लागतात. पातेली, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं चढतं आणि अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जातं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते, तिथं शाळेचं काय चालणार? छत्तीसचा पट अठरा-वीसवर येतो. या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी पत्रक आहे. ते पत्रक घेऊन मुलानं कारखान्याजवळच्या शाळेत जावं आणि तिथल्या गुरुजींनी त्याला बसवून घ्यावं. पत्रक घेऊन जातात काही. बरीचशी पोरं मात्र खोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतात किंवा वाढं गोळा करतात. ट्रक सुटायच्या आदल्या संध्याकाळी बाई घरोघर जातात आणि आजीच्या पाया पडून सांगतात, हिला ठेवून घ्या, मी बघते. हे काम कुठल्याच रजिस्टरात येत नाही, म्हणून मला ते फार उशिरा कळलं. तीन-चार आज्या दर वर्षी ऐकतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलं परत येतात ती उंच होऊन, आणि हाताला चरे पडून. बाईंनी चौथीतल्या अशाच एकाला वजनाचं गणित घातलं. एक क्विंटल म्हणजे किती किलो? पोरगं गप्प. पुन्हा विचारलं, तर म्हणालं, "पुस्तकातलं क्विंटल म्हाईत नाही बाई. टायरगाडीत अडीच टन बसतंय. काट्यावर पावती दोन टन तीनशेची देतात. दोनशे किलो कुठं जातंय ते बापूला बी म्हाईत नाही." बाईंनी त्या दिवशी पुस्तक मिटून पावत्याच घेतल्या. त्याच आठवड्यात वर्णनात्मक नोंदी भरायच्या होत्या. नोंदींची छापील यादी माझ्याकडे दहा रुपयांना मिळते: 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो', 'प्रश्न विचारतो', 'वजन-मापांचा दैनंदिन जीवनात उपयोग करतो'. बाईंनी या पोरासमोर शेवटची लिहिली. यादी छापल्यापासून इतकी खरी नोंद कुणी केली नसेल.

शिक्षकानं मुख्यालयी राहावं, हा गावातला आणखी एक लाडका विषय. घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, की अमुक गुरुजी आमच्या गावात राहतात. मागणी रास्त आहे. गुरुजी गावात असला तर शाळेला बरकत येते. पण राहायचं कुठे? मागे एक शिक्षणसेवक आला होता, दुसऱ्या जिल्ह्यातून, 'पवित्र' पोर्टलवरून निवडून. १६,००० रुपये मानधन, तीन वर्षं. त्यानं मन लावून खोली शोधली. एकटा पोरगा म्हणून कुणी देईना. लग्न कर म्हणाले, आणि शिक्षणसेवकाला मुलगी कोण देतो? शेवटी शेळ्यांच्या गोठ्याला लागून एक खोली मिळाली. त्याच्या राहण्याचा ठराव ग्रामसभेत मांडला गेला तेव्हा सूचक तालुक्याला राहत होते, अनुमोदक तालुक्याला राहत होते, आणि अध्यक्षस्थानी असलेले सरपंच ठराव झाल्यावर शेवटच्या एसटीनं तालुक्यालाच गेले.

बदल्यांबद्दल बोलायला एक वेगळा अंक काढावा लागेल. २०१७ च्या धोरणानं गावांचे अवघड आणि सर्वसाधारण असे दोन भाग पडले. अवघड क्षेत्रात नोकरी केली की पुढे हवं ते गाव मागायचा अधिकार मिळतो. त्यामुळे एरवी आपल्या गावात बिबट्या नाही म्हणून देवाला हात जोडणारे गुरुजी बिबट्याच्या पंजाचे ठसे घेऊन माझ्याकडे रंगीत झेरॉक्सला येतात. आपल्या गावाला रेंज नाही, हे सिद्ध करायची माहिती अर्थातच ऑनलाइन भरायची. नवरा-बायको दोघं शिक्षक असतील तर त्यांच्यात तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असू नये, असाही दयाळू नियम आहे. आमच्या घरात नवरा झेरॉक्सवाला, म्हणून तो लागू नाही.

गणवेशाची गंमत थोडक्यात सांगतो. २०२४ साली 'एक राज्य एक गणवेश' आला. कापड एकीकडून, शिलाई बचत गटांकडून. वाटपाला उशीर झाला तो झालाच, पण मापांनी हद्द केली. ज्या चड्डीत दोन पोरं मावतील ती पहिलीतल्या पोराला आणि सातवीतल्याला गुडघ्याच्या वर. वर्ष संपायच्या आत निर्णय फिरला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. गावातला शिंपी मोकळेपणानं म्हणाला, "पोराला बघून शिवायचं असतंय ओ सर."

आता शिक्षकांनाही बघून घेतलं आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं. बाईंचे सहकारी सर पन्नाशीच्या अलीकडे. केस पांढरे, चष्मा दुहेरी. ते तालुक्याला क्लास लावायला गेले तर शिकवायला उभी असलेली मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं पाया पडून पुढच्या बाकावर बसवलं. सर सांगतात, ती छान शिकवते, फक्त त्यांनाच प्रश्न विचारत नाही. "लाजते," म्हणतात. "पंचवीस वर्षांपूर्वी मी हिला अंगठे धरायला लावले होते, त्याचा तिला अजून संकोच आहे. मला नाही." शाळेतल्या पोरांना हे कळल्यापासून ती सरांना मधल्या सुट्टीत अभ्यासाला बसवतात आणि खिडकीतून लक्ष ठेवतात.

गुणवत्ता नाही म्हणावं तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० साली जगातला मोठा शिक्षक पुरस्कार घेऊन आले. दहा लाख डॉलर, आणि त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकले. पुढे ते फुलब्राइटसाठी अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांच्या रजेच्या अर्जाची बातमी पुरस्काराच्या बातमीइतकीच गाजली. त्या आठवड्यात माझ्याकडे येणारे गुरुजी किरकोळ रजेचा अर्जसुद्धा दोन प्रतींत काढून घेत होते.

आणि पट लहान म्हणून काम कमी म्हणावं, तर वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरचं उदाहरण. तिथल्या शाळेत एकच विद्यार्थी आणि एकच शिक्षक, ही बातमी २०२३ मध्ये देशभर फिरली. राष्ट्रगीत दोघं मिळून म्हणायचे. वाचून अनेकांना गहिवरून आलं. मला आधी त्या शाळेची रजिस्टरं दिसली. पट एक असो की एकशे एक, रजिस्टरं तेवढीच. एका पोराचे शंभर ग्रॅम तांदूळ, पाच ग्रॅम तेल.

एवढं सगळं असून बाई सकाळी शाळेत जाताना रविवार गेल्याचा आनंद चेहऱ्यावर घेऊन जातात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. विचारलं तर म्हणतात, "अहो, शाळेत फार त्रास नसतो. शाळेच्या कामाचा असतो."

मध्यंतरी वरून एक ऑनलाइन फॉर्म आला. शिक्षकांच्या गरजांची निश्चिती. आम्ही जेवणं उरकून लॅपटॉपसमोर बसलो. पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं, म्हणून बाईंनी चहासुद्धा केला. 'आपणास कोणत्या साहाय्याची गरज आहे?' खाली यादी: प्रशिक्षण, ऑनलाइन प्रशिक्षण, प्रशिक्षणोत्तर प्रशिक्षण, प्रेरणादायी व्याख्यान, इतर. बाईंनी 'इतर' दाबलं आणि सांगायला लागल्या. मी टाईप करत गेलो. दहा शाळांच्या केंद्राला मिळून का होईना, एक कारकून. शाळा झाडायला आणि पाणी भरायला माणूस. एक शिक्षक बाहेर गेला तर बदली शिक्षक. वीजबिल परस्पर भरलं जावं. ऊसतोडीच्या मुलांचं वसतिगृह ट्रक सुटायच्या आधी सुरू व्हावं, नंतर नको. तीच माहिती तीन पोर्टलवर न मागता एकावर मागा. आणि दिवसातले चार तास मोबाईलवर कुणी काही पाठवू नये.

सबमिट दाबलं. लाल अक्षरं आली: पन्नास वर्णांपेक्षा जास्त मजकूर स्वीकारला जाणार नाही.

बाईंनी एकेक गरज खोडत आणली. वसतिगृहावर त्या बराच वेळ अडल्या. ते घरोघर फिरून आपण बघू म्हणाल्या, आणि तेही खोडलं. शेवटी 'एक शिपाई' एवढंच राहिलं. पुन्हा सबमिट. पुन्हा लाल: या रकान्यात कृपया फक्त अंक भरा.

बाईंनी १ भरला. फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळेला ग्रुपवर संदेश होता. 'अतितात्काळ. आपल्या केंद्रातील एका शाळेने गरजांच्या रकान्यात १ असे नमूद केले आहे. सदर शाळेने १ म्हणजे काय याचा खुलासा हार्ड कॉपीसह आज दुपारी २ पर्यंत कार्यालयात समक्ष सादर करावा. उर्वरित शाळांनी निरंक कळवावे.'